रेडॅन : एका तिरक्या ग्रीनची कुळकथा

नमस्कार. गोल्फमधल्या एका पार-३ होलच्या, म्हणजे पहिल्या फटक्यापासून भोकापर्यंत तीन फटक्यांत पुऱ्या करायच्या टप्प्याच्या, नकला शंभराहून जास्त वर्षं होत आल्या आहेत. त्याचं नाव रेडॅन. मूळ होल स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, नॉर्थ बेरिकच्या वेस्ट लिंक्सवर, १५व्या क्रमांकाचा. नक्कल करणारे बंकर (वाळूचे खड्डे) हुबेहूब उचलतात आणि जमीन विसरतात, म्हणून आज आपण जमिनीपासून सुरुवात करू.

लिंक्स म्हणजे समुद्र आणि शेतं यांच्यामधला वाळूचा पट्टा. शेतीला फारसा उपयोग नाही, पण पाणी झटकन मुरतं. फेस्क्यू आणि बेंट गवत तोकडं राहतं, जमीन टणक असते आणि पडलेला चेंडू धावत सुटतो. इथले जुने होल कागदावर आखलेले नाहीत. उंचवटे आणि खळगे होते तसेच ठेवून खेळाची वाट ठरत गेली. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर तर पूर्वी एकाच अरुंद पट्टीतून जायचं आणि त्याच भोकांवर खेळत परत यायचं. १७६४मध्ये तिथे २२चे १८ होल झाले. पुढे ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, रुंद करून एकेका ग्रीनवर दोन-दोन भोकं ठेवली गेली. आज तिथे ७ जोडग्रीन आहेत आणि प्रत्येक जोडीच्या क्रमांकांची बेरीज १८ येते : २ आणि १६, ३ आणि १५, थेट ८ आणि १०पर्यंत.

आता रेडॅन. क्रिमियन युद्धात, १८५५मध्ये, सेवास्तोपोलच्या ज्या रशियन तटबंदीवर ब्रिटिश सैन्याने हल्ले केले, तिचं हे नाव. होल साधारण १९० यार्डांचा. ग्रीन टीकडे, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेकडे, तोंड करून नाही. पुढच्या उजव्या कोपऱ्यापासून मागच्या डाव्या कोपऱ्याकडे साधारण ४५ अंशांत तिरकं पसरलंय. उतारही त्याच दिशेने, म्हणजे खेळाडूपासून दूर जाणारा. पुढे डावीकडे खोल बंकर. शिवाय वाटेतला उंचवटा टीवरून ग्रीनचा बराचसा भाग झाकतो.

भोकातला झेंडा मागे डावीकडे असेल तर काय होतं बघा. सरळ झेंड्यावर मारला आणि कमी पडला, तर चेंडू बंकरात. बंकर ओलांडला, तर उतार त्याला मागे पळवतो. फार उजवीकडे गेला, तर पुढची चिप (जवळून मारलेला छोटा फटका) उतारावरून खाली येते आणि थांबत नाही. बिनधोक वाट एकच : चेंडू ग्रीनच्या पुढच्या उजव्या खांद्यावर, म्हणजे उंच कोपऱ्यावर, टाकायचा आणि डावीकडे वळत घरंगळू द्यायचा. झेंड्यापासून दूर मारणाऱ्याला झेंडा मिळतो. मला गोल्फमधली ही सर्वांत हुशार मांडणी वाटते.

अमेरिकेचे चार्ल्स ब्लेअर मॅकडोनल्ड १८७२मध्ये, सोळाव्या वर्षी, सेंट अँड्र्यूजला शिकायला आले आणि या खेळात बुडाले. पुढे त्यांनी जुन्या कोर्सचे उत्तम होल अभ्यासून लाँग आयलंडवर नॅशनल गोल्फ लिंक्स ऑफ अमेरिका उभारला. तिथला ४था होल रेडॅन. त्यांची कृती थोडक्यात अशी : अरुंद पठार घ्या, उजवीकडून डावीकडे किंचित कलवा, पुढच्या अंगाला खोल बंकर खणा आणि तिरक्या दिशेने खेळा. त्यांनी ग्रीन टीवरून दिसेल असं ठेवलं. मोजणीसाठी नेमलेले सेथ रेनॉर हे स्थापत्य अभियंते होते, गोल्फपटू नव्हते. पण नंतर हाच साचा त्यांनी अनेक कोर्सवर नेला.

मग नकला का फसतात? पहिलं कारण पाणी. उजव्या खांद्यासमोरची जमीन चिकणमातीची किंवा सतत भिजवलेली असली की चेंडू जागीच रुततो आणि घरंगळायची वाट बंद होते. तिथे वाळूचा थर आणि निचरा हवाच, आणि ग्रीनइतकंच लक्ष या समोरच्या भागावर हवं. दुसरं कारण गवताची कापणी. आजचे ग्रीन पूर्वीपेक्षा खूप बारीक कापतात. ३ टक्क्यांहून जास्त उतार असला की वेगवान ग्रीनवर भोक ठेवायला जागा उरत नाही. मग दुरुस्तीच्या वेळी उतारच काढून टाकतात. उरतो तो नुसता तिरका ग्रीन आणि एक बंकर. त्यापेक्षा कापणीची उंची थोडी वाढवावी आणि उतार राखावा. तिसरं कारण, उजव्या खांद्यासमोरच कुणीतरी सजावटीचा बंकर खणतं आणि जमिनीवरून आत जायची वाट अडवतं.

तुमच्या कोर्सवर रेडॅन असेल, तर उजव्या खांद्यावर हाताने चेंडू टाकून बघा. तो डावीकडे वळून ग्रीनच्या मध्यापर्यंतही गेला नाही, तर समोरची जमीन ओली आहे किंवा उतार कमी पडलाय.