जामीन झाला, मग घरी का नाही आला?

(शॉट: झेरॉक्स मशीनची हिरवी लाईट सरकतेय. मागं टायपिंगचा आवाज.)

धुळ्यात कोर्टाच्या कामाची सगळ्यात बिझी जागा कुठली विचाराल तर ती कोर्टाच्या आत नाहीये, बाहेर आहे. ही. सकाळी साडेदहाला इथं उभं राहायला जागा नसते, कोणाला आधारची कॉपी पाहिजे, कोणाला सातबाऱ्याच्या तीन प्रती, कोणी तिकीट चिकटवतंय, कोणी टायपिंगवाल्याला बापाचं नाव तिसऱ्यांदा सांगतंय आणि तो तिसऱ्यांदा चुकीचं टाईप करतोय. आत कॅमेरा नेता येत नाही. त्यामुळे आपले वकील आप्पा, त्यांचं आर्ग्युमेंट, जज साहेबांचा चेहरा, पुकारा होतानाची धावपळ, यातलं काहीच तुम्हाला दिसणार नाही. दिसेल ते बाहेरचं, पण खरं सांगायचं तर केस जिंकणं-हरणं नंतरचं, माणूस आत राहतो की घरी जातो ते बऱ्याचदा इथंच ठरतं, या झेरॉक्सच्या टेबलावर.

(शॉट: आप्पा, काळा कोट हातावर, दुसऱ्या हातात फायलींची कापडी पिशवी.)

हे आप्पा. नाव स्क्रीनवर नको असं त्यांनीच सांगितलंय, करारावर आहेत ना. लोक अभिरक्षक कार्यालयात काम करतात. म्हणजे ज्याला वकील करायला पैसे नाहीत त्याच्या बाजूनं सरकारच्या खर्चानं उभा राहणारा वकील. गुन्हा सरकार नोंदवतं, केस सरकार चालवतं, आणि आरोपीचा वकीलही सरकारच देतं, हे ऐकून गावाकडच्या माणसाला पहिला डाऊट येतो की हा नक्की कोणाचा माणूस आहे. म्हणून शेळी विकून, बायकोची पोत गहाण ठेवून लोक बाहेरचा वकील करतात, दोन-चार तारखांनंतर पैसे संपतात, आणि मग फाईल आप्पांकडे येते. निम्मी पानं गायब, चार्जशीटची कॉपी अशी की पंचनामा आहे की एक्स-रे तेच कळू नये.

फुकटचा वकील. वकिलांच्या बार रूममध्ये चेष्टेत म्हणतात, गावात सिरियसली म्हणतात.

हे फुकट आलं कुठून ते थोडक्यात सांगतो. 1976 ला 42 वी घटनादुरुस्ती झाली, त्यात 39-अ कलम आलं, पैशावाचून कोणी न्यायाला मुकू नये म्हणून मोफत कायदेशीर मदत. मग 1979 ला हुसैनारा खातूनची केस, बिहारच्या जेलमध्ये अशी माणसं निघाली जी त्यांच्या गुन्ह्याच्या शिक्षेपेक्षा जास्त काळ नुसती खटल्याची वाट बघत आत बसलेली. सुप्रीम कोर्टानं तेव्हा स्पष्ट सांगितलं की गरीब आरोपीला वकील देणं हे उपकार नाहीत, तो त्याचा हक्क आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा, लागू झाला 9 नोव्हेंबर 1995 ला. आणि 2022 मध्ये नालसानं, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं, ही लोक अभिरक्षकांची योजना आणली, म्हणजे पॅनलवरचा वकील आपली खाजगी प्रॅक्टिस सांभाळून मध्येच मोफतची केस बघायचा, त्याच्या जागी फौजदारी केसला आता फुल टाईम वकील. खाजगी केस घ्यायची नाही. पण नोकरी पक्की नाही, सुरुवातीला दोन वर्षांचा करार, नंतर वर्षा-वर्षानं वाढ. दुसऱ्याच्या सुटकेसाठी भांडणाऱ्या माणसाला स्वतःचं पुढचं वर्ष माहिती नसतं.

(शॉट: जेलच्या बाहेरची भिंत, सकाळ. भेटीची रांग.)

हे धुळ्याचं जिल्हा कारागृह. 1932 साली विनोबा इथं कैदेत होते, दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी ते उतरवून घ्यायचे. शाळेच्या पुस्तकात हे सगळ्यांनी वाचलंय. आता याच भिंतीच्या बाहेर जी रांग दिसतेय ती बघा, डबा, पिशवी, कडेवर पोरगं. ही गर्दी शिक्षा झालेल्यांच्याच घरची असेल असं वाटतं ना, तसं नाहीये. देशभरातल्या जेलमध्ये दर चार कैद्यांमागे साधारण तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे खटला अजून संपलेलाच नाही असे.

या रांगेत एक म्हातारी आहे, हिरवं लुगडं. शिरपूर तालुक्यातल्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून आलीय. तिच्या मुलावर शेतातली पाण्याची मोटार चोरल्याचा आरोप. त्याला जामीन झालाय. ऑर्डर तिच्या पिशवीत आहे, घडी घालून, प्लास्टिकच्या कागदात. ती आप्पांना विचारतेय, "जामीन व्हयना ना, मंग आते काय ऱ्हायनं?"

(इथं निवेदन नाही. म्हातारीचा चेहरा, 20 सेकंद.)

काय राहिलं ते सांगायला आप्पांना अर्धा तास लागला, आम्ही जरा कमी वेळात सांगतो, पण घाईत नाही, कारण सगळी गोम इथंच आहे.

ऑर्डरमध्ये लिहिलेलं असतं, अमुक हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. जातमुचलका म्हणजे आरोपीनं स्वतः लिहून द्यायचं, ते सोपं. जामीनदार म्हणजे दुसरा माणूस, जो म्हणेल की हा पळाला तर पैसे मी भरतो, आणि हा दुसरा माणूस नुसता चांगला असून भागत नाही, तो ऐपतदार असावा लागतो. ऐपत कागदावर दाखवायची. सातबारा आणा, नाहीतर घरपट्टीची पावती आणा, तहसीलमधून ऐपतीचा दाखला काढा, आधार, रेशनकार्ड, फोटो, प्रतिज्ञापत्र. सातबारा ताजा पाहिजे, मागच्या वर्षीचा चालत नाही. सातबाऱ्यावर सोसायटीच्या कर्जाचा बोजा असेल तर प्रश्न. आणि आमच्याकडं बोजा नसलेला सातबारा दाखवा, मी त्याचा सत्कार करतो.

(शॉट: क्लोजअप. सातबाऱ्यावर आप्पांचं बोट नावांवरून खाली सरकतंय.)

हा उतारा बघा. म्हातारीच्या दिराचा. नावं मोजत बसू नका, चुलत-मावस सगळे आहेत, वाटणी कधी झालीच नाही. मग याच्यातली तुमची जमीन किती, असं विचारतात. बरोबरच विचारतात, पण उत्तर कोणाकडंच नाही. बरं, तिचा स्वतःचा वनपट्टा आहे, 2006 च्या वनहक्क कायद्यानं मिळालेला, कसते पण स्वतः. तर वनपट्टा वारसानं पुढं जातो पण विकता येत नाही, आणि जे विकता येत नाही त्याच्या भरवशावर जामीनदार सक्षम मानायचा का, इथं गाडी अडते. म्हणजे सरकारनं दिलेली जमीन सरकारी कामाला चालत नाही. आम्ही आप्पांना विचारलं हे तुम्ही कोर्टात बोलता का, ते म्हणाले "बोलतो की, महिन्यातून तीनदा."

आणि एक तहसील ऑफिस आहे, नाव घेत नाही, तिथं दाखला द्यायचा माणूस इलेक्शन ड्युटीवर होता. म्हातारी दोन बस बदलून गेली आणि दोन बस बदलून आली.

यावर उपाय कागदावर बरेच आहेत. सुप्रीम कोर्टानं 2023 ला सांगितलंय की जामीन होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जेलनं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टानं स्वतःहून अट सैल करायचा विचार करावा. केंद्राची गरीब कैद्यांसाठी योजना आहे, 2023 ला आली तेव्हा कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी 40 हजारांपर्यंत. नव्या कायद्यात, म्हणजे 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) 479 कलमात, आधी कधीच गुन्हा सिद्ध न झालेल्या आरोपीनं जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायचं, काही अपवाद आहेत पण साध्या चोरीची एकच केस असेल तर ते आड येत नाहीत. साध्या चोरीला शिक्षा जास्तीत जास्त 3 वर्षं, म्हणजे इथं 1 वर्ष. हे सगळं आप्पांना पाठ आहे. पण अर्ज कोणीतरी लिहावा लागतो, त्याला कागद लावावे लागतात, आणि कागद म्हटलं की परत ते हिरव्या लाईटचं मशीन.

हा पोरगा मुळात परत आत का गेला तेही सांगून टाकतो. पहिल्यांदा जामिनावर सुटला होता, मग दिवाळीनंतर गावातले निम्मे लोक जातात तसा तोही ऊसतोडीला गुजरातमध्ये गेला, बारडोलीकडं. तारीख पडली जानेवारीत. मुकादमाकडून उचल घेतलेली, तो तारखेला सोडत नाही. गैरहजर, वॉरंट, अटक. कोर्टाच्या रेकॉर्डला तो फरार आणि गावात विचारा, लहान पोरगंही सांगेल कुठल्या कारखान्यावर आहे.

उचल अंगावर राहिली, बैल गेले, बायको माहेरी गेली. पुढं चला.

(शॉट: थंडीतली पहाट, शेत, जाळ.)

आता जरा श्वास घ्या. डिसेंबर आहे आणि खान्देशात डिसेंबरमध्ये शेतात जाऊन भरीत खाल्लं नाही तर ते वर्ष धरत नाहीत. ही वकिलांची भरीत पार्टी, जळगावकडच्या एका मित्राच्या शेतात. वांगी बघा, हिरवी, पांढरट रेघांची, लहान बाळाएवढी, जळगावच्या भरीत वांग्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय तो उगाच नाही. गॅसवर भाजायचा विषयच नाही, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ करायचा आणि त्यात वांगी लोटून द्यायची. साल काळी ठिक्कर पडली, देठाजवळ रस फुटून चरचर आवाज यायला लागला की काढायची, आणि गरम असतानाच सोलायची, हाताला चटके बसतात, बसू द्यायचे. मग ही लाकडी बडगी. यात वांगी, भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, आणि वरून मुसळीनं ठेचायचं, मिक्सरवाल्यांनी लांब उभं राहावं. तेलाची फोडणी, कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप. सोबत कळण्याची भाकरी, केळीच्या पानावर.

ठेचणारे जे आहेत ना, स्वेटरवाले, ते सरकारी वकील. परवाच त्यांनी आप्पांच्या एका जामिनाला कडक विरोध केला होता. आणि जाळापाशी काड्या सारतायत ते आप्पा. कोर्टात एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं इथं एका पानात जेवतात, आणि खरं सांगतो, आप्पांची अर्धी कामं अशा ठिकाणीच सोपी होतात, कोणाचा रिपोर्ट कुठं अडकलाय, कोणता तपासी अंमलदार बदलून गेला, ते इथं कळतं.

हिवाळ्यात आप्पा नकाणे तलावावर पक्षी बघायलाही जातात. आम्ही गेलो त्या दिवशी दाट धुकं, फुटेजमध्ये फक्त आप्पांचा आवाज आहे, "तो बघा, तो बघा." म्हणून ते घेतलेलं नाही.

(शॉट: लळिंग, पावसाळा. हिरवं कुरण, हायवे खाली.)

हा लळिंगचा किल्ला, धुळ्याच्या दक्षिणेला, मुंबई-आग्रा रोडला लागूनच. उन्हाळ्यात बघवत नाही इतका भाजलेला असतो आणि जुलैत असा. आप्पा दरवर्षी 31 जुलैला इथं येतात, आणि एकटे नाही, हजारो लोक येतात. 1937 साली याच तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर धुळ्याच्या कोर्टात एका केससाठी आले होते आणि लळिंगच्या कुरणातल्या लांडोर बंगल्यात राहिले होते. जयंतीला, महापरिनिर्वाण दिनाला गर्दी सगळीकडं होते, पण एक वकील तारखेला आला होता म्हणून जत्रा भरते असं ठिकाण मला तरी दुसरं माहिती नाही. निळे झेंडे, पाऊस, भजी, लाऊडस्पीकर. आप्पा बंगल्याजवळ थांबतात आणि मग वर चढतात, पाण्याच्या टाक्यांपर्यंत. वरून धुळे दिसतं. फोन मात्र वरही लागतो, आणि त्यावर कोणाची तरी माय असतेच, "आप्पा, मन्हा पोऱ्या कवय सुटी?" म्हणजे माझा पोरगा कधी सुटेल.

(शॉट: विहीर, मे महिना, पाण्यात पडणारं ऊन.)

मे महिन्यात कोर्टाला सुट्टी. रिमांड आणि जामिनाचं काम चालूच असतं, पण रोजचा रेटा नसतो. 44-45 डिग्रीत धुळ्यात दुपारी कुत्रं रस्त्यावर दिसत नाही, म्हणून पहाटेच भावाच्या शेतात. पाठीला रिकामे डबे बांधून पोहायला शिकणारी ही भाच्यांची गँग, आणि कठड्यावरून मुटका मारणारे हे पन्नाशीचे लोक अभिरक्षक. पाणी किती वर उडालं बघा. स्लो मोशनमध्ये परत बघा. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घरी आलेल्या बहिणी वरून ओरडतायत की वय काय तुझं. यानंतर आमरस, मग झाडाखाली खाट, आणि खाटेवर उशीच्या जागी चार्जशीट.

म्हातारीच्या मुलाचं राहिलं. रोख रकमेवर तात्पुरतं सोडा असा अर्ज आप्पांनी टाकला, तो मंजूर झाला, पैसे गावानं गोळा केले. सुटला तेव्हा आम्ही तिथं नव्हतो.

(शॉट: पाटी, 15100.)

हा नंबर लिहून घ्या, 15100, नालसाची हेल्पलाईन, फोनला पैसे लागत नाहीत. बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, आणि जो कोणी कोठडीत आहे, यांना उत्पन्नाची अटच नाही. बाकी बहुतेकांना महाराष्ट्रात उत्पन्न वर्षाला 3 लाखांच्या आत पाहिजे. पिवळं रेशनकार्डच लागतं असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, अर्ज मराठीत चालतो, लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, लिहून घेणं त्यांचं काम आहे. आणि आप्पांचा खास निरोप, जामीनदार कोण होणार ते घरात पहिल्याच दिवशी बोलून ठेवा आणि त्याचा सातबारा आत्ताच काढून बघा, ऑर्डर हातात पडल्यावर नाही.