सुपरहीरोचा तिसरा आवाज

श्रोतेहो, नमस्कार.

12 फेब्रुवारी 1940 रोजी न्यूयॉर्कच्या डब्ल्यूओआर केंद्रावरून सुपरमॅन पहिल्यांदा रेडिओवर आला. त्याचं काम करणाऱ्या बड कॉलियरपुढे एक साधीच अडचण होती. चित्रकथेत चष्मा निघाला, छातीवरचं अक्षर दिसलं, की साध्या बातमीदार क्लार्क केंटचा सुपरमॅन झाला हे वाचकाला कळतं. रेडिओवर चष्मा कसा दाखवणार? कॉलियरने आवाजाचाच पोशाख केला. क्लार्क वरच्या पट्टीत बोलायचा, आणि हे काम आता सुपरमॅनचंच, अशा अर्थाचं वाक्य म्हणता म्हणता मध्येच आवाज खर्जात उतरायचा. तेवढ्यावर घरोघरची पोरं ओळखायची, की कपडे बदलले.

म्हणजे एका माणसाचे दोन आवाज झाले. पण हाच माणूस लग्न करून रात्री घरी आला, बूट काढले, तर बायकोशी कुठल्या आवाजात बोलेल? वरच्या पट्टीतला क्लार्क हे सोंग, आणि खर्जातला सुपरमॅन हा चारचौघांतला अवतार. तिच्यासमोर दोन्ही खोटेच वाटणार. लग्न झालेल्या सुपरहीरोची गोष्ट लिहायची तर हा तिसरा आवाज आधी सापडावा लागतो. ज्यांना तो सापडला नाही, त्यांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे.

क्लार्कची सहकारी बातमीदार आणि पुढे बायको झालेली लोइस लेन 1938 सालच्या पहिल्याच अंकात आहे. मुख्य मासिकांतल्या क्लार्कने तिला मागणी घातली 1990 मध्ये, आणि आपलं गुपित सांगितलं 1991 मध्ये. हा क्रमही मजेशीर. आधी होकार घ्यायचा, मग खरं सांगायचं! लग्न लवकरच लागायचं होतं, पण त्याच जोडीवर टीव्ही मालिका येऊ घातली होती आणि दोन्हीकडची लग्नं एकदम लागावीत असं ठरलं. मग मधला वेळ भरायचा कसा? लेखकांनी 1992 च्या अखेरीस सुपरमॅनला मारलंच. मुहूर्त पुढे ढकलायचा म्हणून नवरदेव स्वर्गवासी! तो यथावकाश परत आला, आणि अखेर ऑक्टोबर 1996 मध्ये पडद्यावर आणि कागदावर एकाच सुमारास लग्न लागलं.

स्पायडरमॅनचं याहून वाईट झालं. 1987 साली लग्न झालं, न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर नटनट्यांना उभं करून जाहीर सोहळाही झाला. वीस वर्षांनी संपादकांना वाटलं, की संसारामुळे नायक प्रौढ दिसतो. मग सैतानाशी सौदा झाला. त्याला वाढवणाऱ्या मेकाकूंचा जीव वाचवायचा आणि बदल्यात लग्न झालंच नव्हतं असं करून टाकायचं. घटस्फोट नाही, भांडण नाही, सरळ खोडरबर. संसार लिहिता येत नाही याची ही कबुलीच म्हणायची.

आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्समधून आलेल्या वेताळाचं, म्हणजे फँटमचं, मात्र 1977 साली डायनाशी लग्न झालं, पुढे जुळी मुलं झाली, आणि कवटीच्या गुहेत कोणी खोडरबर आणलं नाही. तिथे गुहा एकच आणि ढोलावरून निरोप. शहराचा प्रश्न वेगळा आहे.

त्यासाठी सुपरमॅनचं शहर, 2000 सालचं मेट्रोपोलिस घ्या. 1999 चं वर्ष संपत असताना भविष्यातून ब्रेनियॅक-13 हा खलनायक येतो आणि शहरातली यंत्रं झपाट्याने बदलत जातात. जुन्या इमारतींच्या जागी उद्याचं शहर उभं राहतं. सुपरमॅनचा जुना वैरी लेक्स लूथर त्या तंत्रज्ञानाच्या बदल्यात आपली तान्ही मुलगी देऊन टाकतो. इकडे क्लार्क-लोइसच्या लग्नाला तीन-चार वर्षं झालेली. शहर नवं आणि संसारही मुरू लागलेला, यापेक्षा चांगली मांडणी कुठली? आणि त्याच वर्षी लेखकांनी काय केलं? बायको तुटक वागते, घरात खटके उडतात, आणि शेवटी कळतं की ती लोइस नव्हतीच. पॅरासाइट नावाचा खलनायक तिचं रूप घेऊन राहत होता. भांडण खऱ्या बायकोशी लिहायची हिंमत झाली नाही, म्हणून खोटी बायको आणली. शिवाय कोसावरची कुजबुज ऐकणाऱ्या नवऱ्याला घरातला आवाज ओळखता आला नाही! अनेक नवऱ्यांना यात नवल वाटणार नाही, ते सोडा.

याच्या उलट एक छान नमुना 1960 च्या दशकातला आहे. विजेच्या वेगाने धावणारा सुपरहीरो फ्लॅश म्हणजे बॅरी ॲलन 1966 साली आयरिसशी लग्न करतो, पण आपणच फ्लॅश हे सांगत नाही. वर्षभराने, लग्नाच्या वाढदिवसाला, मोठा धीर करून सांगतो. ती म्हणते, मला पहिल्या रात्रीपासून ठाऊक आहे, तू झोपेत बोलतोस. तिसरा आवाज इथे आहे. कोणासाठीही न काढलेला, झोपेतला.

आता ज्यांना भविष्यातल्या शहरात राहणाऱ्या, लग्न झालेल्या सुपरहीरोची श्रुतिका लिहायची आहे, त्यांच्यासाठी थोडा हिशोब.

पहिल्यांदा शहराची लांबी ठरवा. कागदावर, किलोमीटरमध्ये. 'हाक मार, मी येईन' हे सगळ्या सुपरहीरोंचं वचन असतं, पण हाक आवाजाच्या वेगाने जाते, सेकंदाला सुमारे 343 मीटर. बायकोचं ऑफिस 3 किलोमीटरवर असेल तर हाक 9 सेकंदांत पोचते आणि प्रसंग सुरू होण्याआधीच संपतो. तेच शहर 40 किलोमीटर पसरलेलं असलं तर हाक पोचायलाच जवळजवळ 2 मिनिटं. तो आवाजाच्या वेगाने उडत आला तर आणखी 2. त्याहून जोरात आला तर हवेत असा दणका बसेल, की वाटेवरच्या काचा तडकतील आणि वाचवायला निघालेलाच नुकसान करून येईल. म्हणजे 4 मिनिटं ती एकटी आहे. या 4 मिनिटांत ती काय करते, त्यावर भाग उभा राहतो. खुर्चीला बांधून ओरडत ठेवली तर श्रोता कंटाळतो. ती बातमीदार आहे, तिला प्रश्न विचारता येतात, समोरच्याला बोलतं ठेवता येतं. सुपरमॅनचा मित्र जिमी ओल्सेन याला त्याला बोलावण्यासाठी खास घड्याळ मिळालं होतं, तेही आवाजावरच चालणारं. मित्राला घड्याळ आणि लोइसला फक्त हाक, हा भेद तिने एकदा काढायला हरकत नाही.

मग फोन का नाही, असं कोणीतरी विचारणारच. फोन क्षणात लागतो, पण त्याची नोंद राहते. भविष्यातल्या शहरात खरी मेख हीच आहे. लिफ्ट लिहून ठेवते, की साहेब 7 वाजून 10 मिनिटांनी चाळिसाव्या मजल्यावर गेले. खाली उतरल्याची नोंद नाही. खिडकीचा सेन्सर सांगतो, की काच उघडली. आणि 7 वाजून 20 मिनिटांनी सुपरहीरो शहराच्या दुसऱ्या टोकाला. जुन्या गोष्टीत गुपित बायकोपासून लपायचं. इथे ते इमारतीपासून लपवायचं आहे, आणि ते काम बायकोच्या गळ्यात पडतं. 'लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर उतर, जिन्याच्या गच्चीतून जा, मी टीव्ही दोन माणसांच्या आवाजाचा ठेवते.' घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं! तिचं स्वतःचं काम आहेच, वर हा जमाखर्च. खरं भांडण इथून निघतं, त्याला पॅरासाइट लागत नाही.

पंधरा मिनिटांच्या भागात शीर्षकसंगीत आणि निवेदन जाऊन 12 मिनिटं हाती राहतात. त्यातली निदान 4 घराला द्या, पण सलग नको. सुरुवातीला दीड, शेवटी अडीच. जेवताना तो उठून गेला, हा प्रसंग एका मालिकेत दोनदा चालतो, तिसऱ्यांदा हसू येतं. तिसऱ्या वेळी तिला उठू द्या. तिची बातमी फुटली आहे, तो ताटावर एकटा.

पार्श्वध्वनीत नवशिके फार फसतात. भविष्य म्हटलं की टिंग-टाँगचा पाऊस. विजेवरची वाहनं हळू चालताना फारसा आवाज करत नाहीत, तेव्हा शहर गजबजाटाने दाखवता येत नाही. बोलणारं यंत्र एकच ठेवा, ती लिफ्ट. उंची वाऱ्याने दाखवा. घराला मात्र एक जुना आवाज द्या, कुकरची शिट्टी नको, ती सगळेच देतात. न बदललेल्या फ्रिजची घरघर पुरते. ती ऐकू आली की घर.

आणि तिसरा आवाज. क्लार्कसाठी माइकपासून हातभर अंतर, पट्टी वर. सुपरहीरोसाठीही हातभरच, पण आवाज टाकून, खर्जात. घरच्यासाठी नट वीतभर अंतरावर येतो आणि हळू बोलतो. इथे एक घोटाळा ठरलेला. माइकच्या इतकं जवळ गेलं की खर्ज आपोआप वाढतो, आणि दमलेला नवरा पुन्हा सुपरमॅनसारखा घुमायला लागतो. म्हणून नटाने पट्टी मधलीच ठेवायची, आणि तंत्रज्ञाने खालचा खर्ज थोडा कापायचा. तोंड माइकच्या किंचित बाजूला, नाहीतर प, फ, भ ही अक्षरं फुटतात, आणि 'भूक लागलीय' या वाक्यातला भ बॉम्बसारखा ऐकू येतो. वाक्यं चार-पाच शब्दांची, काही अर्धवट सोडलेली. बायकोने मध्येच तोडलं तर तोडू द्या. तिच्या नटीलाही त्याच माइकवर, समोरासमोर उभं करा. वेगवेगळं ध्वनिमुद्रण करून नंतर जोडलं, तर एकमेकांच्या श्वासावर बोलणं होत नाही, आणि ते जोडकाम पहिल्या दोन वाक्यांतच कानाला कळतं.

नमस्कार.