'कधी कधी'चा शोध : जुन्या पिकअपमधले लपणारे विद्युत दोष

जुन्या पिकअपचा मालक गाडी दुरुस्तीला आणतो तेव्हा त्याच्या तक्रारीत 'कधी कधी' हे शब्द हमखास असतात. कधी कधी सेल्फ लागत नाही, कधी कधी मीटरवरचे सगळे दिवे एकदम लागतात, कधी कधी खड्ड्यात हेडलाइट विझतात आणि पुढच्या खड्ड्यात आपोआप लागतात. गाडी तपासायला उभी केली की मात्र सगळे सुरळीत चालते. मग अंदाजाने बॅटरी बदलली जाते, तेवढ्याने भागले नाही तर स्टार्टर, म्हणजे सेल्फची मोटर, त्यानंतर बॅटरी भरणारा अल्टरनेटर. आणि तीन चांगले भाग काढून तीन नवे बसवल्यावरही मूळ दोष जागच्या जागी असतो. आज मला या 'कधी कधी'विषयीच बोलायचे आहे. असा दोष वरवर लहरी वाटतो, पण उष्णता, कंपन, ओल, विजेचा भार किंवा एखाद्या तारेचा त्या क्षणीचा वाक यांपैकी कशाच्या तरी मागोमाग तो येत असतो. तो हजर असताना आणि भार चालू ठेवून मोजमाप केले, तरच तो हाती लागतो.

म्हणून मी पहिल्यांदा वीज मोजायचा मीटर न काढता वही काढतो. दोष आला तेव्हा इंजिन थंड होते की तापलेले, पाऊस किंवा धुणे होऊन किती वेळ झाला होता, नुकतेच दार आपटले होते का, हौद्यात माल होता का, ब्रेक दाबलेला होता का, हे चालवणाऱ्याला विचारून लिहून घ्यावे. त्याहून मोलाचा प्रश्न म्हणजे त्याच क्षणी आणखी काय काय बंद पडले. हॉर्न, वायपर आणि इंडिकेटर एकदम गेले असतील, तर तिघांना मिळून वीज देणारी किंवा तिघांची वीज परत नेणारी जागा वायरिंगच्या नकाशावर शोधावी लागते; एकच दिवा गेला असेल, तर शोध त्याच्या होल्डरपासून सुरू होतो. एवढ्या विचारपुशीने निम्मी गाडी तपासातून बाहेर पडते.

पिकअपच्या बाबतीत परतीची वाट विशेष लक्ष देऊन पाहावी लागते आणि त्याचे कारण तिच्या बांधणीत आहे. बहुतेक जुन्या पिकअपमध्ये चेसिस वेगळी, तिच्यावर रबरावर टेकलेली केबिन वेगळी, मालाचा हौदा वेगळा, आणि इंजिनही रबरी माउंटिंगवर बसवलेले असते. दिव्यापर्यंत वीज तारेने जाते, पण बॅटरीकडे परतताना ती बव्हंशी गाडीच्या लोखंडातून येते. मध्ये रबर आले की ही वाट तुटते, म्हणून इंजिन, चेसिस, केबिन आणि हौदा यांना तांब्याच्या विणलेल्या पट्ट्यांनी किंवा जाड तारांनी एकमेकांशी जोडलेले असते. यालाच आपण अर्थ म्हणतो. वर्षानुवर्षांच्या वापरात बोल्टखाली गंज शिरतो, हौद्याला नवा रंग देताना वॉशरखालीही रंग जातो, इंजिन उतरवून चढवताना एखादी पट्टी लावायची राहून जाते. मागच्या दिव्याचा अर्थ तुटला की त्याची वीज शेजारच्या फिलामेंटमधून उलटी वाट काढते, आणि ब्रेक दाबल्यावर पार्किंगचे दिवे, क्वचित मीटरचा उजेडसुद्धा मंद पेटतो. असे चमत्कारिक दृश्य दिसले की स्विच उघडण्याच्या फंदात न पडता आधी अर्थचा बोल्ट काढून पाहावा.

एका गाडीचा अनुभव थोडा सविस्तर सांगतो. सकाळी ती एका झटक्यात सुरू व्हायची. तासभर चालवून थांबवली की सेल्फ नुसता 'टक्' करायचा, आणि अर्ध्या तासाने पुन्हा नीट लागायचा. बॅटरी नवी होती, स्टार्टर माझ्याकडे येण्याआधीच बदलून झाला होता. बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंतचा रोध मी ओहमवर मोजला, तर थंड असताना आणि तापल्यावरही मीटर जवळजवळ शून्यच दाखवत होता. मग मीटर डीसी व्होल्टवर घेतला, एक प्रोब, म्हणजे मीटरच्या तारेचे टोक, बॅटरीच्या शिशाच्या टर्मिनलवर धरला, त्याला आवळलेल्या क्लॅम्पवर नव्हे, दुसरा ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर टेकवला आणि सहकाऱ्याला चावी फिरवायला सांगितले. या मार्गावर सेल्फ फिरत असताना 0.2 व्होल्टच्या आसपास, फार तर त्याहून किंचित जास्त घट, म्हणजे वाटेत खर्ची पडणारे व्होल्ट, चालते. सकाळी ती 0.3 होती, आणि तासभर गाडी चालवून आल्यावर 3 व्होल्टच्या वर गेली. अर्थच्या केबलच्या टोकाचा लग, म्हणजे बोल्टखाली बसणारी धातूची कडी, वरून चकचकीत होता; त्याच्या मागचे रबरी आवरण चिरले तेव्हा आत हिरवी भुकटी आणि निम्म्याहून अधिक तुटलेले धागे निघाले.

इथे ओहमच्या मोजणीने फसवले ते का, हे समजून घेण्यासारखे आहे. रोध मोजताना मीटर तारेतून अगदी क्षीण प्रवाह सोडतो, मिलिअँपिअरमध्ये मोजावा इतका. शंभर धाग्यांपैकी एकच शाबूत असला तरी एवढा प्रवाह विनासायास पलीकडे जातो. सेल्फला मात्र 150 अँपिअर किंवा त्याहूनही अधिक लागतात. जोडाचा रोध केवळ 0.02 ओहम असला, तरी 150 अँपिअरला त्याच्यावर 3 व्होल्ट खर्ची पडतात, आणि 0.02 ओहम हा आकडा हातातल्या साध्या मीटरला दिसतही नाही, कारण त्याच्या प्रोबच्या तारांचाच रोध त्याच्या कितीतरी पट असतो. व्होल्टची घट मात्र भार चालू असतानाच मोजली जाते, म्हणून ती खरे सांगते. धन बाजूलाही बॅटरीच्या टर्मिनलपासून स्टार्टरच्या बोल्टपर्यंत हीच मोजणी करावी, तिथे 0.5 व्होल्टपर्यंत घट चालते. अर्थात त्याआधी बॅटरीची स्वतःची तब्येत पाहिलेली असावी : काही तास न वापरलेली भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5, आणि सेल्फ फिरताना 9.6च्या खाली न जाणारी.

दोष चालत्या गाडीतच येत असेल, तर मीटरच्या तारा लांबवून तो केबिनमध्ये घ्यावा, आणि सर्वांत कमी-जास्त आकडा धरून ठेवणारी सोय त्यात असेल तर ती लावून गाडी फिरवून आणावी. वाहन चालवणारा आणि मीटर पाहणारा ही दोन वेगळी माणसे हवीत, एवढे पथ्य कटाक्षाने पाळावे.

दुसरी मोठी जागा म्हणजे रोज वाकणाऱ्या तारा. दार आणि केबिन यांच्यामधली रबरी नळी, मागच्या फाळक्यावर दिवा किंवा कुलूप असल्यास त्याची तार, ट्रेलरच्या प्लगकडे जाणारी वायर, या सगळ्या हजारो वेळा वाकलेल्या असतात. बाहेरचे आवरण अखंड राहते आणि आतले तांबे तुटते. अशी तार दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ताणली, तर शाबूत तार ताठ राहते आणि तुटलेल्या जागी आवरण रबरासारखे लांबते, बारीक होते. बोटांना हे लगेच कळते. मागाहून बसवलेला हॉर्न, जादा दिवे किंवा म्युझिक सिस्टम यांसाठी मूळ तारेला चिमटे लावून, सोलून किंवा नुसती टेप गुंडाळून केलेले जोडही मी याच रांगेत धरतो. टेप सुटते, जोडात पाणी शिरते आणि तांब्यावरची हिरवी काट आवरणाच्या आतून हातभर पुढे सरकते. त्यामुळे कापलेल्या टोकाशी तांबे काळेहिरवे दिसले, तर चकचकीत तांबे लागेपर्यंत तार मागे कापावीच लागते.

अधूनमधून फ्यूज उडत असेल, तर दोषाचे रूप उलटे असते : वीज थांबत नाही, नको तिथे गळते. अशा वेळी मोठ्या अँपिअरचा फ्यूज घालणे हा सर्वांत धोकादायक उपाय आहे, कारण फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो. तो मोठा केला की वितळण्याची पाळी तारेवर येते आणि आग लागू शकते. त्याऐवजी फ्यूजच्या जागी 55 वॉटचा हेडलाइटचा बल्ब तारांनी जोडावा आणि त्या फ्यूजवरची सगळी उपकरणे बंद ठेवावीत. तार कुठेही लोखंडाला टेकली की बल्ब पूर्ण उजेडाने पेटतो, पण प्रवाह साडेचार अँपिअरच्या आसपास अडतो. मग शांतपणे वायरिंगचा जुडगा पुढून मागे हातभर अंतराने हलवत जावे. चेसिसच्या भोकातली रबरी कडी निघालेली असेल किंवा हौद्याचा क्लिप तुटून तार कडेवर घासत असेल, तर हात तिथे पोहोचताच बल्ब उजळतो किंवा विझतो.

तापल्यावर येणाऱ्या दोषासाठी संशयित भाग केस वाळवण्याच्या यंत्राने एकेक करून तापवावा. रिलेच्या, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचच्या, आतला डाखाचा जोड किंवा इंजिनचे फिरणे टिपणारा क्रँक सेन्सर गरम होऊन तुटतो आणि थंडावल्यावर जुळतो. रिलेचा संशय असल्यास फ्यूजच्या पेटीतल्या तशाच, त्याच क्रमांकाच्या दुसऱ्या रिलेशी अदलाबदल करून पाहावी. दोष रिलेबरोबर जागा बदलतो का, हे त्यात उघड होते. ओलीचा संशय असेल तर बाटलीने पाणी फवारून दोष मुद्दाम उठवावा.

जोड दुरुस्त करताना गंज धातू दिसेपर्यंत घासावा, लग नीट दाबून बसवावा, आवळल्यानंतर वरून ग्रीस लावावे आणि आवरण बंद करावे. दुरुस्ती झाली असे म्हणण्यासाठी मात्र वहीतलीच परिस्थिती पुन्हा उभी करावी लागते. त्या गाडीची अर्थची केबल बदलल्यावर आम्ही ती तासभर चालवली, थांबवली आणि इंजिन तापलेले असतानाच पुन्हा त्याच दोन जागी प्रोब धरून चावी फिरवली. मीटरने 0.1 दाखवले आणि इंजिन पहिल्याच फेरीत सुरू झाले. पुढचे तीन दिवस मालकाला रोज दुपारी हेच करायला सांगितले होते, आणि चौथ्या दिवशी काढलेली जुनी केबल मी त्याच्या हातात दिली.