कापसाच्या खोलीतला ठेका

[दृश्य: अंधारी खोली. अर्ध्या भिंतीपर्यंत पांढरा कापूस. मोबाइलच्या उजेडात दोन हात आणि एक खंजिरी.]

घुम.

पुन्हा एकदा ऐका. घुम. ठोका पडला आणि तिथंच संपला. भिंतीवरून काही परत आलं नाही, पत्र्यावर काही घुमलं नाही.

यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव. डिसेंबर महिना. वेचणी झाली आहे आणि भाव थोडा तरी चढेल या आशेनं कापूस घरातच भरून ठेवला आहे. एरवी या खोलीत साधं खोकललं तरी आवाज फिरत राहतो. आता चारही बाजूंनी कापूस आहे आणि खोली पार मुकी झाली आहे. शहरात स्टुडिओवाले भिंतींना फोम लावतात ते ह्याचसाठी. मऊ, सच्छिद्र वस्तू आवाज शोषून घेते, त्यातही चरचरीत वरचा आवाज आधी. मला हे कुणी शिकवलं नव्हतं. पोत्यावर बसून सहज खंजिरीवर हात मारला आणि दचकलो. खंजिरीचा आवाज एवढा स्वच्छ मी कधी ऐकलाच नव्हता.

बाहेरून आईनं विचारलं, "काय करून राह्यला रे तिथी?"

"आवाज भरून राह्यलो, माय."

[दृश्य: लग्नाचा मांडव. ऑक्टोपॅडवर वेगानं चालणारे हात.]

मी वाजवणारा माणूस. लग्नाच्या सुपाऱ्यांत ऑक्टोपॅड, म्हणजे टिपरीनं वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य, चौदा एप्रिलला भीमगीतांच्या कार्यक्रमात ऑक्टोपॅड, आणि गावातल्या भजन मंडळात खंजिरी. पॅड मी पाहून पाहून शिकलो. खंजिरी मात्र मोठ्या बाबांकडून आली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ साली गेले, पण त्यांची खंजिरी आमच्याकडे गावोगावी वाजतेच आहे. मोठे बाबा गेली चाळीस-पन्नास वर्षं ती वाजवतात. चार बोटं आणि एक अंगठा, एवढंच सामान.

मागच्या वर्षी मी जुना लॅपटॉप घेतला. चार जीबी रॅम, बॅटरी मेलेली, वायर लावली तरच चालणारा. डोक्यात एकच गोष्ट होती. मोठ्या बाबांचा ठेका या डब्यात उतरवायचा आणि त्यावर आपलं संगीत उभं करायचं. गाणं करायला मुंबई-पुण्याला जावं लागतं हे मी लहानपणापासून ऐकत आलो. ते खरं आहे का, हे मला घरात बसून पाहायचं होतं.

सॉफ्टवेअर निवडायला फार वेळ गेला नाही. आमच्याकडे बरेच जण पेनड्राइव्हमधून आलेलं चोरीचं सॉफ्टवेअर टाकतात. मी नाही टाकलं. लग्नात वाजवून पैसे बुडाले की आम्ही महिनाभर बोलत राहतो. मग दुसऱ्याच्या मेहनतीचे पैसे आपण कसे बुडवायचे? मी रीपर घेतलं, आवाज भरून गाणं जुळवायचं सॉफ्टवेअर. कॉम्प्युटरवर गाणी ऐकायला विनॅम्प ज्यांनी वापरलं असेल त्यांना सांगतो, विनॅम्प बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेल यांचंच हे पुढचं काम. डाउनलोड अगदी लहान, मोबाइलच्या नेटवर सहज उतरतं. ६० दिवस पूर्ण चालवून पाहता येतं. पुढं वैयक्तिक वापराचा परवाना ६० डॉलरचा. दोन सुपाऱ्यांचे पैसे बाजूला ठेवून घेतला.

[दृश्य: लॅपटॉपचा पडदा. ऑक्टोपॅडमधून निघालेली वायर.]

ऑक्टोपॅडच्या मागं एक गोल भोक असतं, पाच टाचण्यांचं. वर्षानुवर्षं ते माझ्या पॅडवर होतं आणि मी कधी त्यात काही घातलं नव्हतं. त्याचं नाव मिडी. १९८३ साली जपानच्या रोलंड कंपनीचे काकेहाशी आणि अमेरिकेचे डेव्ह स्मिथ यांच्या पुढाकारानं ते आलं. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलावीत म्हणून. त्या वायरीतून आवाज जात नाही, निरोप जातो. कोणता पॅड वाजला आणि किती जोरात, एवढाच निरोप. जोर मोजायचा १ ते १२७ आकड्यांत. आवाज कोणता काढायचा ते लॅपटॉप ठरवतो.

वायर जोडली, पॅडवर टिपरी मारली. पॅड वाजला, आणि आवाज नंतर आला.

न वाजवणाऱ्याला हे कळणारही नाही, इतका तो उशीर लहान होता. पण वाजवणाऱ्याच्या पोटात कालवाकालव होते. हात एकीकडे, कान दुसरीकडे. मी दोन दिवस चुकतच राहिलो आणि वाटलं, आपल्याला हे जमायचं नाही.

मग गणित कळलं. लॅपटॉप आवाज सुटा सुटा देत नाही, पाटी भरून देतो. एका सेकंदात ४४,१०० कण असतात आणि माझी पाटी १,०२४ कणांची होती. ती भरायला २३ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात हवेत आवाज २६ फूट जातो. म्हणजे मी मांडवाच्या एका टोकाला वाजवत होतो आणि माझाच ठोका मला दुसऱ्या टोकाहून ऐकू येत होता. आवाजाचा उशीर कमी करणारा एएसआयओ नावाचा ड्रायव्हर टाकला, पाटी १२८ ची केली. उशीर गेला, पण जुना लॅपटॉप दमला आणि आवाजात तडतड सुरू झाली. शेवटी २५६ वर तडजोड झाली. सहा मिलिसेकंद, साडेसहा फूट. भजनात टाळवाला माझ्यापासून तेवढाच लांब बसतो. ते चालतं.

दुसरी गोष्ट पडद्यावर दिसली तेव्हा जरा वाईट वाटलं. माझे सगळे ठोके ११५ ते १२७. एकही हळू नाही. डीजेच्या गाडीशेजारी वाजवून वाजवून माझा हात हळू मारायचं विसरून गेला होता. मोठ्या बाबांच्या खंजिरीत निम्मे ठोके असे असतात की शेजारी बसलेल्यालाच ऐकू येतात. तोच खरा ठेका. बाकीचे दोन-तीन जोरकस ठोके त्याच्यावर उभे असतात. ३० आणि ४० च्या घरात मारायला शिकायला मला दीड महिना लागला. सॉफ्टवेअर शिकायला एवढा वेळ लागला नाही.

[दृश्य: पडद्यावर सोळा चौकोनांची रांग.]

ताल भरायला बसलं की बहुतेक ठिकाणी १६ चौकोन समोर येतात. ही रीत रूढ केली ती १९८० च्या टीआर-८०८ सारख्या ताल-यंत्रांनी. त्यावर १६ बटणांची रांग होती. आपला केरवा ८ मात्रांचा, त्यामुळे १६ चौकोनांत तो नीट बसतो, मात्रेला दोन. दादरा ६ मात्रांचा. तो या रांगेत भरला की शेवटी चार चौकोन रिकामे राहतात आणि ताल लंगडतो. नवा मुलगा इथं हात टेकतो, किंवा दादरा सोडून केरवाच करत बसतो. मी म्हणतो, आधी रांग १२ ची करा. ताल ६/८ करा. सॉफ्टवेअर नाही म्हणत नाही, फक्त आपण होऊन विचारत नाही.

आता खोलीतलं काम. मोठ्या बाबांना कापसात बसवलं. समोर दोन फुटांवर मोबाइल, खाली घडी केलेलं ब्लँकेट. मधला भरीव ठोका 'घुम', काठावरचा 'टक', आणि नुसत्या चकत्यांचा 'छन'. प्रत्येक चार वेळा: अगदी हळू, हळू, मध्यम, जोरात. बारा आवाज. मोबाइल मोठ्या ठोक्याला घाबरून स्वतःच आवाज दाबतो, म्हणून ती सोय बंद करता येईल असं रेकॉर्डिंगचं ॲप घेतलं. मग रीपरमधल्या सँपलरमध्ये, म्हणजे भरलेले आवाज पॅडवरून वाजवायच्या सोयीत, ते बारा आवाज जोराप्रमाणं मांडले. पॅडवर हळू मारलं की मोठ्या बाबांचा हळू ठोका, जोरात मारलं की जोरातला. एक आवाज कमी-जास्त करून हे होत नाही. हळू ठोक्याचा रंगच वेगळा असतो.

ठेका वाजवला, भरला, आणि सगळे नवे करतात तेच मीही केलं. क्वांटाइझ. एक बटण दाबलं की मागंपुढं पडलेले ठोके रेषेवर जाऊन बसतात. पडदा कसा सुंदर दिसला!

संध्याकाळी मोठ्या बाबांच्या कानाला हेडफोन लावला.

"कोण वाजवून राह्यलं हे?"

"आवाज तुमचाच हाय, मोठे बाबा."

"आवाज माहा हाय. हात माहा नाही. हा तं पळून राह्यला. तिसऱ्या ठोक्याले थांबा लागते."

"काऊन?"

"टाळवाल्याले जागा द्या लागते ना बाप्पा. आन् म्हणनाऱ्यानं दम कुठी घ्यावा?"

बटण उलटं फिरवलं, क्वांटाइझ काढून टाकलं आणि पडदा मोठा करून पाहिला. माझ्या स्वतःच्या हातातही ते होतं! प्रत्येक आवर्तनात तिसरा ठोका रेषेच्या पंधरा-वीस मिलिसेकंद मागं. मला कुणी सांगितलं नव्हतं, मी कधी मोजलं नव्हतं. लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसून ते हातात आलं होतं, आणि मी एका बटणानं ते पुसून टाकलं होतं.

सॉफ्टवेअरात 'स्विंग' म्हणून एक सोय असते. अमेरिकेचे रॉजर लिन यांनी १९८० च्या सुमाराला आपल्या ताल-यंत्रात ती आणली. दर दुसरा ठोका थोडा मागं सरकतो. उपयोगी आहे, पण ती सगळ्या दुसऱ्या ठोक्यांना सारखंच मागं ढकलते. खंजिरीत थांबणारा ठोका एकच असतो आणि तो थांबतो समोरच्या माणसासाठी. म्हणून मी आता ठेका हातानंच वाजवतो आणि चुकलेला ठोका तेवढा उचलून जागेवर ठेवतो. बाकीच्यांना हात लावत नाही.

एकदा रात्री साडेअकराला लाइट गेली. चार तासांचं काम गेलं. त्या रात्रीपासून दर दोन मिनिटांनी माझं बोट आपोआप कंट्रोल आणि एसवर जातं.

[दृश्य: पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचा जाळ. त्यावर फिरणारं डफडं.]

खंजिरीनंतर मला डफडं हवं होतं. पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले आणि झडत्या, म्हणजे पोळ्याची म्हणायची कवनं, सुरू झाल्या की दोन झडत्यांच्या मधे जे कडाडतं, ते. पावसाळी हवेत कातडं सैल पडतं, म्हणून आधी पऱ्हाटीच्या जाळावर शेकायचं, बोटानं टिचकी मारून पाहायचं, पुन्हा शेकायचं. उजव्या हातात जाड काडी, डाव्यात बारीक, लवचीक. बारीक काडीचा आवाज जाड काडीच्या अंगावरून निसटून जातो.

पण डफडं मागायला गेलो तेव्हा पाय जड झाले होते. हे वाद्य कुणी हौसेनं घेतलेलं नव्हतं. गावकीचं काम म्हणून ते ठरावीक जातींवर लादलेलं होतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, आणि त्यानंतर आमच्या भागात अनेक घरांनी डफडं खाली ठेवलं ते पुन्हा उचललं नाही. तो आवाज मला कितीही आवडो, ज्यांनी तो सोडला त्यांनी तो का सोडला हे मला आधी माहीत असायला हवं.

गावात एक काका अजून वाजवतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "हे कुठी कुठी वाजनार हाय?"

मी खरं सांगितलं. माझ्या गाण्यांत वाजेल. तुमच्या नावानं वाजेल. दुसऱ्या कुणाला फाइल द्यायची तर तुम्हाला विचारून देईन. आणि आजच्या संध्याकाळचे पैसे एका पूर्ण सुपारीचे. ते उठले आणि पऱ्हाट्या आणायला गेले. त्या संध्याकाळचे सव्वीस ठोके माझ्या लॅपटॉपमध्ये आहेत. फोल्डरला त्यांचं नाव आहे.

[दृश्य: पडद्यावर तिरकी चढत जाणारी रेष.]

जानेवारीत मोठे बाबा स्वतःहून आले. खंजिरी घेऊन. म्हणाले, लाव तुहं, मी वाजवतो वरून. दोन मिनिटं छान गेली आणि मग ते पुढं निघून गेले. भजन मिनिटाला ८० ठोक्यांवर सुरू होतं आणि गजर येईपर्यंत ११० वर जातं. माझा लॅपटॉप ८० वरच बसून होता. त्यांनी खंजिरी मांडीवर ठेवली आणि पडद्याकडे पाहत राहिले.

मग आम्ही दोघं बसलो. ते तोंडानं भजन म्हणत गेले आणि मी लयीची रेष काढत गेलो. कुठं चढते ते बोटानं दाखवायचे. "इथी नाही अजून. ध्रुवपद येऊ दे. हं, आता सोड." रेष सरळ चढत नाही. दोनदा चढून थोडी उतरते, मग तिसऱ्यांदा जी जाते ती गजरालाच थांबते.

[दृश्य: रिकामी खोली. शेणानं सारवलेली जमीन. कोपऱ्यात कापसाचे दोन-चार पुंजके.]

फेब्रुवारीत गाडी आली आणि कापूस गेला. भाव मनासारखा नव्हता, पण मार्चला देणी होती. त्या संध्याकाळी खोलीत गेलो, तर माझं पाऊलच मला ऐकू आलं. खोली पुन्हा बोलायला लागली होती.

एक फुगा आणला, पूर्ण फुगवला. मधोमध मोबाइल ठेवला आणि टाचणी लावली. तो एक फटाका आणि त्यामागून भिंती, पत्रा, लाकडी दार यांनी परत दिलेला आवाज, सगळं भरून घेतलं. रीपरमध्ये अशी सोय आहे की तो फुग्याचा आवाज दिला की त्या खोलीचं घुमणं कुठल्याही आवाजाला लावता येतं. डिसेंबरातला मोठ्या बाबांचा कोरडा ठोका मी फेब्रुवारीतल्या रिकाम्या खोलीत ठेवला.

मोठे बाबा दारात उभे राहून ऐकत होते. ठेका संपला तरी थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग आत आले, खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाले,

"आता टाळवाले कुठी बसवशीन?"

उद्या संध्याकाळी सातला बोलावलं आहे त्यांना. दाराजवळ दोघं, खिडकीखाली दोघं.

[दृश्य: चार जोड टाळ जमिनीवर मांडलेले. मागं खंजिरीचा ठेका, तिसऱ्या ठोक्याला किंचित थांबणारा.]