तीन बुरुजांचे मुकुट

पडद्यावर ही जी चित्रं एकामागून एक जातायत, ती पोर्तुगालमधल्या खेड्यांची मानचिन्हं आहेत. खालून गोलसर ढाल, वर चांदीचा बुरुजांचा मुकुट, खाली पांढऱ्या फितीवर काळ्या अक्षरांत गावाचं नाव. बघणाऱ्याला वाटतं, कुठल्या तरी राजाने लढाईत खूश होऊन हे दिलेलं असणार. राजाचा इथे काही संबंध नाही. यातली बहुतेक चिन्हं १९९१ नंतरची, म्हणजे या सभागृहातल्या अनेकांपेक्षा वयाने लहान आहेत!

तिथे सगळ्यांत खालच्या पायरीवरच्या स्थानिक संस्थेला ‘फ्रेगेझिया’ म्हणतात. आपल्या ग्रामपंचायतीच्या जवळपासचा प्रकार, पण मूळ चर्चच्या हद्दीत. हुकूमशाही गेल्यावर डिसेंबर १९७६ मध्ये पहिल्यांदा स्थानिक निवडणुका झाल्या, गावाला स्वतःचा आवाज आला, आणि आवाज आल्यावर झेंडा हवाच. मोठ्या गावांच्या मानचिन्हांसाठी १९३० पासून सरकारी परिपत्रक होतं. त्याच्या मागे आफोन्सो द दोर्नेलास हा मानचिन्हांचा जाणकार होता. खेड्यांना मात्र खरी वाट मोकळी झाली ती ७ ऑगस्ट १९९१ च्या कायद्याने.

हा कायदा वाचायला मजा येते. लिस्बनच्या मुकुटाला पाच बुरुज आणि तो सोन्याचा. बाकीच्या शहरांनाही पाचच, पण चांदीचे. ‘व्हिला’ म्हणजे कसब्याच्या गावाला चार, साध्या खेड्याला तीन. बुरुज मोजले की गावाची पायरी कळते. मिरवणुकीतला झेंडा चौकोनी, बाजू एक मीटर, भरतकाम केलेलं रेशीम, कडेला दोरी आणि गोंडे. रंगांचाही जुना दंडक आहे: सोनं आणि चांदी, म्हणजे पिवळा आणि पांढरा, हे धातू, लाल-निळा-हिरवा-काळा-जांभळा हे रंग. धातूवर धातू चढवायचा नाही, रंगावर रंग चढवायचा नाही. लांबून नीट दिसलं पाहिजे, एवढंच त्यामागचं कारण.

मसुदा गावानेच करायचा. मग १८६३ मध्ये स्थापन झालेल्या पुरातत्त्वज्ञांच्या संघटनेची समिती त्यावर मत देते, गावाची सभा ठराव करते आणि राजपत्रात छापून येतं. ज्या गावात १५० किंवा त्याहून कमी मतदार, तिथे निवडलेली सभाच नसते, सगळे मतदार मिळूनच बसतात. म्हणजे ढालीवर काय असावं याला गावातल्या म्हातारीनेही हात वर केलेला असतो.

आणि गावं काय मागतात? संत मागतात. देशात १९११ पासून चर्च आणि सरकार वेगळे, फ्रेगेझिया ही सरकारी संस्था, तरी ढालीवर संत आहेच. फक्त तो स्वतः क्वचित येतो, त्याची वस्तू येते. सेंट पीटरच्या किल्ल्या, सेंट जेम्सचा शिंपला. सेंट लॉरेन्सला विस्तवावर भाजून मारलं अशी कथा आहे, म्हणून त्याची लोखंडी जाळी. सेंट लुसीचे ताटलीत ठेवलेले दोन डोळे. परक्या माणसाला ते बघून शहारा येईल, गावकऱ्याला ती आपली ग्रामदेवताच. सेंट कॅथरीनचं चाक तर गोव्यातल्या जुन्या पिढीने पाहिलेलं आहे. २५ नोव्हेंबर १५१० ला, तिच्या सणाच्या दिवशी, पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने गोवा घेतला, म्हणून १९३५ मध्ये पोर्तुगीज हिंदुस्थानासाठी ठरवलेल्या चिन्हातही ते चाक आलं. फरक असा, की गोव्याचं चाक लिस्बनने ठरवलं होतं. इथली चाकं त्या त्या गावाने ठरवली.

संत झाला की पीक. गव्हाची लोंबी, द्राक्षाचा घड, ऑलिव्हची फांदी, आणि तळाशी चांदीच्या-निळ्या नागमोडी पट्ट्या म्हणजे नदी. खरं सांगू? पन्नास ढाली पाहिल्यावर कंटाळा येतो. एव्होरा शहराच्या ढालीवर घोड्यावरचा वीर झेराल्दो आणि तोडलेली दोन मुंडकी आहेत, त्यापुढे ही लोंबी फारच सभ्य वाटते. नियमाला धरून केलं की असं होतं.

मला खिळवून ठेवतो तो ‘पेलोरिन्यू’. गावच्या चौकातला दगडी खांब. गुन्हेगाराला तिथे बांधून शिक्षा व्हायची, आणि तो असणं म्हणजे गावाला स्वतःचा न्याय, स्वतःची पालिका असणं. १८३६ च्या सुधारणेत अशा शेकडो लहान पालिका रद्द झाल्या. दीडशेहून अधिक वर्षांनी जेव्हा चिन्ह निवडायची वेळ आली, तेव्हा त्यांतल्या कित्येक गावांनी ढालीवर नेमका हा खांब ठेवला. आज मुकुटाला तीनच बुरुज असले, तरी एकेकाळी आमचीही कचेरी होती, हे त्यांना कोरून ठेवायचं होतं. वतन गेलं तरी पाटीलकीचा मान न सोडणारी घराणी आठवतात मला.

मग २०१३ मध्ये पुन्हा तेच झालं. देश कर्जात, खर्च कमी करा, म्हणून ४,२०० हून अधिक फ्रेगेझिया होत्या त्या एकमेकींत जोडून ३,०९२ वर आणल्या. एकट्या बार्सेलुश पालिकेत ८९ च्या ६१ झाल्या. जोडगावांची नावं इतकी लांबलचक झाली, की फितीवर अक्षरं बसवायची कशी हाच प्रश्न. २०२५ च्या कायद्याने त्यांतल्या ३०२ फ्रेगेझिया परत वेगळ्या केल्या. त्यांच्यापैकी ज्यांच्याकडे १९९१ नंतरचा झेंडा होता, त्यांना नवीन काही शिवावं लागणार नाही. कपाट उघडलं की झालं.