मुद्दाम थांबलेली बस

नमस्कार श्रोतेहो.

लंडनमध्ये कधी बसनं फिरलात, तर एखाद्या थांब्यावर गाडी नुसतीच उभी राहते आणि आत घोषणा होते: बसगाड्यांमधलं अंतर सारखं राखण्यासाठी ही बस इथं थोडा वेळ थांबेल. रस्ता मोकळा, चालक जागेवर, आणि गाडी मुद्दाम उभी! कामावर निघालेल्या माणसाचं डोकं फिरणारच.

पण जरा गणित करून पाहा. दर दहा मिनिटांनी बस असली, तर थांब्यावर सरासरी पाच मिनिटं ताटकळावं लागतं. त्याच गाड्या जोडीजोडीनं, दर वीस मिनिटांनी आल्या, तर दहा. गाड्या तेवढ्याच, इंधन तेवढंच, पगार तेवढेच; वाट पाहणं मात्र दुप्पट. आणि जोड्या आपोआप जमतात. एका गाडीला उशीर झाला की पुढच्या थांब्यावर गर्दी साचते, चढण्या-उतरण्यात आणखी वेळ जातो. मागचीला थांबे रिकामे मिळतात आणि ती पहिलीला येऊन गाठते. म्हणजे ‘येत नाही तर एकही नाही, आल्या तर दोन’ हा काही चालकांचा खोडसाळपणा नव्हे.

लंडनमध्ये याचा हिशेब थेट पैशांत होतो. तिथल्या लाल बस खासगी कंपन्या चालवतात. पण मार्ग, फेऱ्या आणि भाडं ठरवते ट्रान्सपोर्ट फॉर लंडन, ही २००० साली स्थापन झालेली सार्वजनिक संस्था. एकेका मार्गाची निविदा निघते. तिकिटाचे पैसे संस्थेकडे, कंपनीला कंत्राटाचा मोबदला. त्यामुळे प्रवासी पळवण्यासाठी शर्यत लावून कंपनीच्या हाती काही लागत नाही. तासाला पाच किंवा जास्त गाड्या असतील, तर प्रवाशाला अपेक्षेपेक्षा किती जादा थांबावं लागलं, ते मोजतात. त्यावर बक्षिसी ठरते, किंवा कपात.

१९८६ साली लंडनबाहेर ब्रिटनमध्ये बससेवा खुली केली, कुठं नि कितीला चालवायची ते कंपन्यांवर सोडलं. मँचेस्टर परिसरानं जानेवारी २०२५ पर्यंत सगळ्या बस टप्प्याटप्प्यानं पुन्हा सार्वजनिक नियंत्रणात आणल्या. हा उलटा प्रवास मला बोलका वाटतो.

तर ती उभी बस. कंपनीच्या नियंत्रण कक्षातून निरोप येतो, चालक थांबतो, आतले सगळे घड्याळाकडे बघतात. ज्यांचा वेळ वाचतो, ते पुढच्या थांब्यांवर उभे असतात. घोषणा त्यांना ऐकू येत नाही.