अड्डूतली खिडकी

नमस्कार श्रोतेहो.

क्षणभर नकाशा डोळ्यांसमोर आणा. केरळच्या टोकावरून खाली समुद्रात पाहिलं, की मालदीवच्या बेटांची माळ दिसते. ही माळ विषुववृत्त ओलांडून पलीकडे जाते, आणि तिच्या अगदी शेवटी ओवलेलं आहे अड्डू, छोट्या बेटांचा एक पुंजका. राजधानी माले तिथून पाचशे किलोमीटरहून लांब. मुंबईहून गोव्याचं सरळ अंतरही याहून कमी भरतं, आणि इथे मधे सगळं पाणीच पाणी.

२५ मे २०२१ रोजी भारताच्या मंत्रिमंडळाने या अड्डूत आपलं कॉन्सुलेट उघडायला मंजुरी दिली. बातमी चार ओळींत आटोपली. मला मात्र ती आजही मोठी वाटते.

आपल्याकडे दूतावासाला वकिलात म्हणतात. पेशव्यांचे वकील म्हणून हिंगणे दिल्लीत असत, तेव्हापासूनचा हा शब्द. पण ते दरबारातलं काम. मालेत आपलं कार्यालय १९७२ पासून आहे, आणि सरकारांमधली बोलणी तिथे होतात. कॉन्सुलेटचं खरं काम खिडकीवर चालतं. पासपोर्ट हरवला, परदेशात मूल झालं, गावच्या जमिनीसाठी मुखत्यारपत्र साक्षांकित करायचं आहे, कुणाला पोलिसांनी धरलं आहे, अशा वेळी माणूस त्या खिडकीशी येतो.

मालदीवच्या बेटाबेटांवर आपले शिक्षक, डॉक्टर, परिचारिका, बांधकाम मजूर आहेत. समजा, अड्डूतल्या शाळेत शिकवणारे आपले एक गुरुजी रात्रीत हृदयविकाराने गेले. त्यांना घरी आणायचं, तर मृत्यूचा दाखला हवा. शव टिकवण्याची प्रक्रिया केल्याचा दाखला हवा. पासपोर्ट रद्द झाल्याचा शिक्का हवा, आणि भारतीय कार्यालयाचं ना-हरकत पत्र हवं. गावाकडे मंडळी अंगणात बसून आहेत, कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही, आणि तिकडे त्यांचा एखादा सहकारी या कागदांसाठी मालेला फोनवर फोन करतो आहे. शिक्का मारणारा माणूस त्याच बेटावर असेल, तर त्या घराचा एक दिवस वाचतो. अशा वेळी एक दिवस किती मोठा असतो, हे ज्यांनी सोसलंय त्यांना विचारा.

मालदीवमध्ये मात्र ही बातमी अनेकांना खटकली. ‘इंडिया आउट’च्या, म्हणजे ‘भारताने आपले सैनिक इथून न्यावेत’ अशा घोषणा तेव्हा जोर धरत होत्या. भारताच्या मदतीने पोलिसांची प्रशिक्षण संस्थाही अड्डूतच उभी राहत होती. एवढ्याशा ठिकाणी भारताचं एवढं काय चाललंय, असं लोक विचारू लागले. या शंकेला आपण नुसता द्वेष म्हणून मोकळं होऊ नये. अड्डूतलंच गन बेट आठवा. १९५७ च्या सुमारास ब्रिटिशांनी तिथे हवाई दलाचा तळ उभारला. त्यासाठी गनच्या लोकांना उठवून शेजारच्या फेयधू बेटावर बसवलं, आणि फेयधूच्या लोकांना आणखी पुढे सरकवलं. तळ बंद झाला १९७६ साली. ज्यांच्या आजी-आजोबांनी असं बिऱ्हाड उचललंय, ते परक्या झेंड्याकडे दोनदा पाहणारच. धरणाखाली गाव गेलेल्या आपल्या माणसांना हे वेगळं समजवायला नको.

म्हणूनच कायदा काय म्हणतो, तेही सांगतो. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार यजमान देशाच्या संमतीशिवाय कॉन्सुलेट उघडताच येत नाही. ते कोणत्या शहरात असावं, त्याची हद्द किती, हेसुद्धा त्या देशाने मान्य करावं लागतं. अधिकारी नकोसा झाला, तर त्याला परत बोलवा असं तो देश कधीही सांगू शकतो. याच कराराचं ३६ वं कलम, पकडलेल्या नागरिकाला भेटण्याचा हक्क देणारं, कुलभूषण जाधवांच्या खटल्यामुळे आपल्या घराघरांत पोचलं. १७ जुलै २०१९ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाल दिला, की पाकिस्तानने हा हक्क डावलला.

मालदीवमध्ये पुढे सरकार बदललं. हीच ‘इंडिया आउट’ची मागणी लावून धरणारे मोहम्मद मुइझ्झू अध्यक्ष झाले आणि मे २०२४ पर्यंत तिथले भारतीय सैनिक परतले. आता अड्डूचा विषय संपला, असंच वाटत होतं. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये हेच मुइझ्झू दिल्लीला आले आणि दोन्ही देशांच्या संयुक्त निवेदनात शब्द उमटले: अड्डूत भारताचं कॉन्सुलेट आणि बंगळुरूत मालदीवचं, यासाठी मिळून काम करू. मला यातलं बंगळुरू फार महत्त्वाचं वाटतं. उपचारांसाठी, शिक्षणासाठी भारतात येणाऱ्या मालदीवच्या माणसालाही इथे अडीनडीला आपली खिडकी हवी की नको? देवघेव अशी दोन्हीकडून असली, की संशयाला जागा कमी उरते.

अड्डूतल्या आपल्या कार्यालयाबद्दल माझं एक मागणं आहे. ते उंच भिंतीआड नसावं, येता-जाता दिसेल असं रस्त्यालगत असावं. आणि खिडकीवर बसणाऱ्याला मालदीवची दिवेही भाषा यावी. ‘दिवेही’ म्हणजे बेटावरचे, आपल्या ‘द्वीप’ शब्दाशी नातं सांगणारं नाव. ती उजवीकडून डावीकडे लिहितात, पण कूळ आपल्या मराठीचंच. कुणी अड्डूकर म्हातारी नातवाच्या शिक्षणाची चौकशी करायला आली, तर तिला तिच्या बोलीत ‘या, बसा’ म्हणता आलं पाहिजे.

नमस्कार.